रेडिएशनला नॅनोकणांची जोड: विज्ञान पक्कं आहे, पण तुलना कुणाशी?

समजा, राजापूर तालुक्यातल्या एका गावात ६५ वर्षांचे आजोबा आहेत. घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. रेडिएशनच्या जोडीला सिस्प्लॅटिन नावाचं औषध दिलं तर परिणाम वाढतो, पण आजोबांची किडनी कमजोर आणि ऐकायलाही कमी येतं. म्हणजे सिस्प्लॅटिन बाद. उरतं नुसतं रेडिएशन. तेवढ्यात मुंबईतला मुलगा व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवतो: फ्रान्समध्ये नॅनोकणांचं इंजेक्शन निघालंय, गाठीत टोचायचं आणि मग रेडिएशन दुप्पट काम करतं. आपल्याला मिळेल का?

प्रश्न रास्त आहे. बातमीही सगळी खोटी नाही. असं इंजेक्शन खरंच आहे, त्याला युरोपात एका कॅन्सरसाठी मान्यताही मिळाली आहे आणि अगदी या आजोबांसारख्या पेशंटांवर त्याची मोठी चाचणी चालू आहे. पण या बातम्यांत एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. ती म्हणजे, नॅनोकणांची तुलना कशाशी चालली आहे? आणि त्याच पेशंटांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलनं काय शोधून काढलंय? ते कळल्याशिवाय रत्नागिरीतल्या घरानं यातून नेमकं काय घ्यायचं हे ठरवता येत नाही. म्हणून आज हा विषय मुळापासून बघू.

रेडिएशन नेमकं करतं काय?

रेडिएशनसाठी आज बहुतेक ठिकाणी लिनॅक म्हणजे लिनिअर अॅक्सिलरेटर वापरतात. ते मशीन साधारण ६ मेगाव्होल्ट ताकदीचे एक्स-रे तयार करतं. काही ठिकाणी कोबाल्ट-६० ची मशीन असतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेलं 'भाभाट्रॉन' हे त्यातलंच देशी मशीन. दोन्हींचं काम एकच: गाठीवर शक्तिशाली किरण सोडायचे. हे किरण पेशीतून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतात. ते इलेक्ट्रॉन काही वेळा थेट डीएनए तोडतात, तर काही वेळा पेशीतल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि ते डीएनएवर हल्ला करतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशीला सावरणं अवघड जातं.

निरोगी पेशींचंही नुकसान होतं, पण त्या दुरुस्ती बऱ्यापैकी करून घेतात. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्ती सहसा कच्ची असते. म्हणूनच डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारणपणे रोज २ ग्रे (ग्रे हे डोसचं माप), आठवड्यातून ५ दिवस, असे ३३ ते ३५ दिवस. एकूण ६६ ते ७० ग्रे.

मग डोस आणखी वाढवला तर गाठ पूर्ण मरेल की! अडचण अशी की गाठीच्या शेजारी लाळग्रंथी आहेत, जबड्याचं हाड आहे, मज्जारज्जू आहे. डोस वाढवला की त्यांनाही फटका बसतो. म्हणून डॉक्टर वेगळी युक्ती करतात. बाहेरचा डोस तोच ठेवायचा आणि गाठीतल्या पेशी किरणांपुढे जास्त नाजूक होतील असं काहीतरी द्यायचं. याला रेडिओसेन्सिटायझर म्हणतात. सिस्प्लॅटिन हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रेडिओसेन्सिटायझर. नॅनोकणांना याच रांगेत जागा हवी आहे.

नॅनोकण यात कुठे बसतात?

नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटरच्या आसपास भरते. इथे ज्या कणांबद्दल बोलतोय ते दोन-चार नॅनोमीटरपासून शंभर नॅनोमीटरपर्यंतचे. पण फक्त लहान असून भागत नाही. ते जड धातूचे असावे लागतात: सोनं, हाफ्नियम, गॅडोलिनियम.

जड धातूच का? एक्स-रे आपल्या मांसातून सहज पार होतात आणि हाडात अडतात, हे आपण एक्स-रेच्या फिल्मवर बघतोच. अणू जितका जड, तितका तो किरण जास्त गिळतो आणि बदल्यात इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. याला फोटोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. हा परिणाम अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. मऊ मांसाचा सरासरी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास, सोन्याचा ७९, हाफ्नियमचा ७२, गॅडोलिनियमचा ६४. कागदावर हिशेब केला तर सोनं मांसापेक्षा हजारपटीच्या घरात जास्त किरण गिळतं. म्हणजे गाठीत सोन्याचे कण भरले तर तोच किरण तिथे जास्त इलेक्ट्रॉनचा मारा करेल आणि शेजारच्या निरोगी भागात मात्र नेहमीइतकाच. कल्पना एवढी सरळ आहे.

२००४ मध्ये अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांवर करून दाखवलं. १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून दिले आणि मग एक्स-रे दिले. वर्षानंतर नुसते एक्स-रे दिलेल्या उंदरांपैकी २० टक्के जिवंत होते, तर सोनं आणि एक्स-रे दोन्ही दिलेल्यांपैकी ८६ टक्के. नुसतं सोनं दिलेल्यांपैकी एकही नाही. या एका प्रयोगानंतर जगभरच्या प्रयोगशाळा या कामाला लागल्या.

मग वीस वर्षं झाली, अडलंय कुठे?

तीन ठिकाणी अडलंय.

पहिली अडचण किरणांच्या ताकदीची. हजारपटीचा फायदा मिळतो तो कमी ताकदीच्या, म्हणजे किलोव्होल्ट पातळीच्या एक्स-रेला. हेनफेल्ड यांनी २५० किलोव्होल्टचे एक्स-रे वापरले होते. उंदराच्या कातडीखालच्या गाठीला ते पुरतात. माणसाच्या शरीरात खोल असलेल्या गाठीला मेगाव्होल्ट किरण लागतात आणि त्या ताकदीला सोनं आणि मांस यांच्यातला फरक जवळपास पुसला जातो. तरीही प्रयोगशाळेत पेशींवर मेगाव्होल्ट किरण सोडले तेव्हा नुसत्या हिशेबानं अपेक्षित होता त्यापेक्षा जास्त परिणाम दिसला. कणाच्या अगदी जवळ, काही नॅनोमीटरच्या आत, कमी ताकदीच्या इलेक्ट्रॉनची सर सुटते हे त्याचं एक कारण मानतात. कण पेशीवर रासायनिक ताण आणतात, डीएनएची दुरुस्ती बिघडवतात, हे दुसरं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये वापरतात त्या ब्रेकीथेरपीत, म्हणजे किरणांचा स्रोत गाठीशेजारी नेऊन ठेवण्याच्या पद्धतीत, इरिडियमचे किरण बरेच कमी ताकदीचे असतात. तिथे धातूच्या कणांना जास्त वाव आहे, असं भौतिकशास्त्र सांगतं.

दुसरी अडचण मात्रेची. त्या उंदरांना शरीराच्या दर किलो वजनामागे २.७ ग्रॅमपर्यंत सोनं दिलं होतं. ६० किलोच्या माणसाला याच हिशेबानं १६२ ग्रॅम लागेल. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर सोळा तोळ्यांहून जास्त! उंदराचा हिशेब माणसाला असा थेट लावत नाहीत हे खरं, पण अडचण किती मोठी आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

तिसरी अडचण पोचण्याची. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे नॅनोकण तिथे आपोआप साठतील, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१६ मध्ये संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा हिस्सा निघाला ०.७ टक्के (मध्यक). बाकीचे बरेचसे कण यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात.

फ्रान्सनं वाट कशी काढली?

फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्स या कंपनीनं दोन निर्णय घेतले. सोन्याऐवजी हाफ्नियम ऑक्साइड वापरायचं, आणि शिरेतून न देता सुई थेट गाठीत घालायची. रेडिएशन सुरू होण्याआधी एकदाच टोचायचं. कण गाठीत बसून राहतात आणि पुढच्या प्रत्येक सेशनला काम करतात. सांकेतिक नाव एनबीटीएक्सआर३.

हातापायाच्या आणि धडाच्या मऊ भागातल्या सार्कोमा या कॅन्सरवर याची चाचणी झाली. १८० पेशंट, अनेक देश. ऑपरेशनआधी सगळ्यांना रेडिएशन दिलं, निम्म्यांना त्याआधी इंजेक्शनही. मग ऑपरेशन करून काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. नुसत्या रेडिएशनच्या गटात ८९ पैकी ७ जणांची गाठ जवळपास पूर्ण मेलेली होती, म्हणजे ८ टक्के. इंजेक्शनच्या गटात ८७ पैकी १४, म्हणजे १६ टक्के. २०१९ मध्ये हे निकाल 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले आणि त्याच वर्षी सार्कोमासाठी युरोपात विक्रीची परवानगी मिळाली.

व्हॉट्सअॅपवरचं 'दुप्पट' हे इथून आलंय. ८ चं १६ झालं, हे दुप्पटच. पण १०० पैकी ८४ जणांच्या बाबतीत तो टप्पा इंजेक्शन देऊनही गाठता आला नाही, असंही तोच आकडा सांगतो. शिवाय गाठ मेलेली दिसणं आणि माणूस जास्त वर्षं जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही पेशंटांना इंजेक्शनच्या जागी वेदना झाल्या, काहींचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं. धोका फार मोठा नव्हता, पण अजिबात नव्हता असंही नाही.

फ्रान्समध्येच दुसरी वाटही शोधली जातेय. एगुइक्स नावाचे गॅडोलिनियमचे कण शिरेतून दिले जातात. ग्रेनोबलमध्ये मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या १५ पेशंटांवर त्याची पहिली चाचणी झाली. गॅडोलिनियम एमआरआयमध्ये चमकतं, त्यामुळे कण गाठीत पोचले की नाही हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतं. पुढच्या चाचण्या चालू आहेत.

आता मुख्य मुद्दा. २०२२ मध्ये एनबीटीएक्सआर३ ची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, नाव नॅनोरे-३१२. पेशंट कोण? डोक्या-मानेचा पुढच्या स्टेजचा कॅन्सर असलेले, वयानं ६० च्या पुढचे आणि ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही असे. म्हणजे आपले राजापूरचे आजोबा! २०२३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं सुरुवातीलाच ३ कोटी डॉलर मोजून या औषधाचे हक्क घेतले. मोठी कंपनी उगाच पैसे टाकत नाही, हे खरं. पण पैसे टाकले म्हणजे औषध चाललं असंही नाही.

तेच पेशंट, मुंबईचं उत्तर

सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या पेशंटांचं करायचं काय, हा प्रश्न युरोपपेक्षा आपल्याकडे मोठा आहे. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. त्याला तंबाखू, गुटखा, सुपारी कारण. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण पानटपरीवर काय मिळतं हे सांगायला नको. आणि कोकणात मशेरी आहेच, तीही बायकांमध्ये. यातले बरेच जण आधीच अशक्त झालेले असतात, किडनी साथ देत नसते.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी यासाठी नवं औषध शोधलं नाही. जुनंच घेतलं: डोसिटॅक्सेल. पेटंट केव्हाच संपलेलं, अनेक भारतीय कंपन्या बनवतात ते. नेहमीच्या किमोथेरपीपेक्षा अगदी कमी मात्रेत, शरीराच्या दर चौरस मीटरमागे १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा रेडिएशनच्या जोडीनं. हे औषध पेशीला विभाजनाच्या अशा टप्प्यावर अडवून धरतं, जिथे ती किरणांपुढे सगळ्यात हळवी असते.

२०१७ ते २०२१ या काळात ३५६ पेशंट चाचणीत घेतले. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन आणि डोसिटॅक्सेल. २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त निकाल आले. दोन वर्षांनंतर नुसत्या रेडिएशनच्या गटात ४१.७ टक्के लोक हयात होते, डोसिटॅक्सेलच्या गटात ५०.८ टक्के. आजार परत न येता राहिलेले ३०.३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर १०० पेशंटांमागे नऊ माणसं जास्त. इथे मोजलेत ते माणसांचे जीव, सूक्ष्मदर्शकाखालची गाठ नाही.

फुकट काहीच मिळत नाही. तोंड आणि घसा गंभीररीत्या सोलवटण्याचा त्रास २२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या जवळ गेला. अशा पेशंटला गिळता येत नाही, वजन उतरतं, कधी नळीतून अन्न द्यावं लागतं. हा त्रास सोसायची तयारी आणि सोसवणारी यंत्रणा, दोन्ही लागतात.

तुलना कुणाशी, हे का विचारायचं?

आता दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून बघा. टाटांनी विचारलं: नुसत्या रेडिएशनपेक्षा डोसिटॅक्सेल चांगलं का? उत्तर मिळालं, हो. नॅनोरे-३१२ विचारतेय: नुसतं रेडिएशन किंवा रेडिएशन आणि सेटुक्सिमॅब, यांच्यापेक्षा नॅनोकण चांगले का? सेटुक्सिमॅब हे महागडं औषध आपल्याकडे फार थोड्यांना परवडतं.

म्हणजे उद्या नॅनोरेचा निकाल चांगला लागला, तरी त्यातून आपल्याला एवढंच कळेल की नॅनोकण नुसत्या रेडिएशनपेक्षा बरे. स्वस्त डोसिटॅक्सेलपेक्षा बरे की नाही, हे कळणारच नाही. यात कंपनीची लबाडी आहे असं मुळीच नाही. ती चाचणी आखली गेली तेव्हा टाटांचा निकाल आलाच नव्हता. पण आपल्या डॉक्टरांपुढे आणि सरकारपुढे प्रश्न तोच असणार: एक कदाचित महाग इंजेक्शन घ्यायचं, की एक स्वस्त औषध जे चालतं हे माहीत आहे?

नॅनोकणांच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे, तोही सांगायला हवा. ते फक्त गाठीत असतात, संपूर्ण शरीरात फिरत नाहीत. त्यामुळे डोसिटॅक्सेलइतकं तोंड न सोलवटता तेवढाच फायदा मिळाला, तर अशक्त म्हाताऱ्या माणसासाठी ती फार मोठी गोष्ट ठरेल. पण हे 'जर' आहे. ते तपासायला थेट तुलनेची चाचणी लागेल, आणि ती करायची गरज आपल्यालाच सगळ्यात जास्त आहे. कारण हे पेशंट आपल्याकडे आहेत, आणि डोसिटॅक्सेलचा अनुभवही.

मान्यता मिळाली म्हणजे जिंकलं असं नाही

याआधीचं एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवलेलं बरं. जर्मनीतल्या मॅगफोर्स कंपनीनं लोह ऑक्साइडचे चुंबकी नॅनोकण मेंदूच्या गाठीत टोचून, बाहेरून बदलतं चुंबकी क्षेत्र लावून गाठ तापवायची पद्धत काढली. गाठ तापली की रेडिएशनचा परिणाम वाढतो, हे जुनं ज्ञान आहे. ५९ पेशंटांवर ती करून पाहिली, २०१० मध्ये युरोपची मान्यताही मिळाली. पण चाचणीत तुलनेचा गटच नव्हता. शिवाय डोक्यात कण राहिल्यावर त्या भागाचा नेहमीचा एमआरआय नीट निघत नाही आणि दातांतलं धातूचं काम आधी काढून टाकावं लागतं. पद्धत फारशी पसरली नाही आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. विज्ञान चुकीचं ठरलं म्हणून नव्हे. नेहमीच्या उपचारापेक्षा हे किती बरं, याचं ठोस उत्तर नव्हतं आणि रोजच्या वापरात ते अवघड पडत होतं.

भारतात हे होऊ शकतं का?

पाया आहे. चुंबकी नॅनोकणांनी गाठ तापवण्यावर भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि आयआयटी मुंबईत बरीच वर्षं काम चालू आहे. हाफ्नियमही आपल्याला परकं नाही. अणुभट्टीसाठी झिर्कोनियम शुद्ध करताना हाफ्नियम वेगळं काढावंच लागतं, आणि ते काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतं. नॅनो औषधं कशी तपासायची याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्येच काढल्या आहेत.

आणि महागडं तंत्र स्वस्तात उभं करण्याचं ताजं उदाहरणही मुंबईचंच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी थेरपीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कॅन्सरवरची ही थेरपी परदेशातल्यापेक्षा साधारण एक दशांश खर्चात होते. म्हणजे धातू आहे, माणसं आहेत, नियम आहेत. हवी आहे ती प्रयोगशाळेतल्या पेपरपासून पेशंटवरच्या चाचणीपर्यंतची वाट.

रत्नागिरीच्या पेशंटला आज काय उपयोगी?

आता परत राजापूरला येऊ. आजोबांना आज नॅनोकणांपेक्षा तीन गोष्टींचा जास्त फायदा आहे.

एक, वेळेवर पूर्ण झालेलं रेडिएशन. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर मधल्या दिवसांत गाठ परत वाढते. खंडाच्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते, असं अनेक अभ्यासांचं अनुमान आहे. 'गणपतीला आठ दिवस गावी जाऊन येतो' हे कोकणात कुणालाही समजेल, पण इथे ते अतिशय महाग पडतं. नॅनोकणांनी जे कमवायचं ते सुट्टीत घालवल्यासारखं होतं. रत्नागिरी ते मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, कोल्हापूर आंबा घाटानं सव्वाशे-दीडशे. सात आठवडे रोज ये-जा शक्य नाही, म्हणजे राहायची सोय हाही उपचाराचाच भाग. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या पेशंटांसाठी कित्येक वर्षं हेच काम करतेय. उपचाराच्या खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन आणि किमोथेरपी आहे. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र घरच्यांवरच येतो.

दोन, कमी दिवसांचं रेडिएशन. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात ५ सेशनमध्ये उपचार तेवढाच परिणामकारक ठरतो, असं ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनं २०२० मध्ये दाखवलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्येही ३३ ऐवजी २० सेशन देऊन पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये मांडले गेले, आणि कमी सेशनचा उपचार मागे पडला नाही. प्रत्येकाला हे लागू होत नाही, पण 'माझ्या बाबतीत कमी सेशन चालतील का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. नॅनोकणांच्या आजच्या चाचण्यांत मात्र रेडिएशनचे दिवस कमी होत नाहीत. इंजेक्शन त्यावर वाढीव असतं. शहरातल्या पेशंटला हा फरक छोटा वाटेल, लांज्याहून आलेल्या घराला नाही.

तीन, लवकर निदान. टाटा मेमोरियलनं डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये कॅन्सर तपासणीचं आणि जनजागृतीचं काम केलंय. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, मानेत गाठ, यातलं काही दिसलं तर तपासून घ्या. छोटा कॅन्सर असेल तर बऱ्याचदा एकाच उपचारात काम होतं आणि रेडिओसेन्सिटायझरचा प्रश्नच येत नाही.

सुवर्णभस्म, 'नॅनो हळद' आणि बाकीचं

हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच: सोन्याचे नॅनोकण म्हणजे आपलं सुवर्णभस्मच ना? भस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण असतात, हे तपासण्यांत दिसलंय. पण पोटातून घेतलेलं भस्म रेडिएशनच्या उपयोगी पडेल इतकं गाठीत पोचतं, याचा पुरावा नाही. वर मात्रेचं आणि पोचण्याचं गणित बघितलंच आपण. 'नॅनो' लिहिलेल्या हळदीच्या गोळ्या, थेंब यांचंही तेच. उलट अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा रेडिएशन चालू असताना घेऊ नका. रेडिएशन ज्या फ्री रॅडिकल्सच्या जोरावर गाठ मारतं, त्यांनाच त्या थोपवण्याची शक्यता असते. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि कुणी 'नॅनो रेडिएशन' म्हणून पैसे मागितले तर एकच प्रश्न विचारा: ही चाचणी आहे का? असेल तर तिचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला नंबर द्या. भारतात प्रत्येक औषधाच्या चाचणीची तिथे आधी नोंद करावी लागते. २०१९ च्या नियमांनुसार तुमची लेखी संमती लागते आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. चाचणीतल्या औषधाचे पैसे तुमच्याकडून मागत असतील तर तिथेच थांबा आणि चौकशी करा. नंबरच नसेल तर विषय संपला.

तर मुलाला काय उत्तर द्यायचं?

एवढंच: बातमी खरी आहे, पण अर्धी आहे. नॅनोकणांचं विज्ञान पक्कं आहे, माणसांवरचा फायदा सार्कोमात दिसलाय, घशाच्या कॅन्सरमध्ये अजून सिद्ध व्हायचाय. त्यासाठी आज रेडिएशन पुढे ढकलू नका. टाटांच्या डॉक्टरांना डोसिटॅक्सेलबद्दल विचारा, आजोबांची तब्येत ते सोसेल का ते बघा आणि राहायची सोय आधी लावा.

आणि नॅनोरेचा निकाल येईल त्या दिवशी मथळा वाचून थांबू नका. नुसत्या रेडिएशनशी तुलना केली की डोसिटॅक्सेलशी, हे बातमीत शोधा. ती दुसरी तुलना युरोप-अमेरिकेतलं कुणी करून देईल अशी वाट बघण्यात अर्थ नाही. ती मुंबईत व्हायला हवी, आणि तिच्यात रत्नागिरीचे पेशंट असायला हवेत.